जांभळं झालं की धुवा

२ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी. नियम : थोडक्यात लिहायचं, खरं लिहायचं, तक्रार करायची नाही. लेकीनं जाड रेघांची वही आणून दिली आहे. मी काळ्या स्केचपेननं लिहितो. साध्या पेनची शाई हल्ली फार फिकी येते. कंपन्या पाणी घालतात.

मुख्य बातमी. हिला वीस तारखेला दवाखान्यातून घरी सोडणार. उजवा हात-पाय अजून ऐकत नाहीत आणि वाचा परत आलेली नाही, पण समजतं सगळं. काल तिच्या उशाशी बसून सहावीच्या पुस्तकातली वडाची कविता पूर्ण म्हणून दाखवली, अठराच्या अठरा कडवी. तिसऱ्या कडव्यालाच हिनं डोळे मिटून घेतले. तल्लीन झाली होती.

निश्चय : हिला आपल्या गाडीतून घरी आणायचं. पुढच्या सीटवर, माझ्या शेजारी, नेहमीसारखं. टॅक्सी नाही, ॲम्ब्युलन्स तर नाहीच. माणूस घरी येतोय, सामान नव्हे.

३ फेब्रुवारी

लेकीला बेत सांगितला. ती भाजी चिरत होती, थांबली. मग म्हणाली, टॅक्सी करू या. मी म्हटलं, दारात स्वतःची गाडी असताना? त्यावर तिनं उरलेली भाजी चिरून संपवली. मग म्हणाली, बाबा, त्या गाडीवर बघा किती लोखंडाचे ठिपके बसलेत, नारिंगी नारिंगी, देवी आल्यासारखी दिसते. आईला असल्या गाडीतून आणणार?

म्हणजे अडचण एवढीच. माझ्या जिवात जीव आला. मला वाटलं होतं काहीतरी मोठं काढते की काय. ठिपके समोरच्या वेल्डरमुळे. त्याचं ग्राइंडर दिवसभर चालतं, लोखंडाचा बारीक कीस उडतो आणि आमच्या गाडीवर बसतो. तो तापलेला असतो, रंगात रुततो, मग त्याला गंज चढतो. हे जावयानं मागे एकदा सांगितलं होतं. तेव्हा मी लक्ष दिलं नव्हतं, कारण जावई सांगत होता.

मी लेकीला म्हटलं, ठिपके गेले तर? ती म्हणाली, बघू. आमच्या घराण्यात 'बघू' म्हणजे हो.

५ फेब्रुवारी, सकाळी

गाडीची पाहणी. सगळीकडून फिरून बारकाईनं तपासली. एकही नारिंगी ठिपका नाही. लेकीला लहानपणापासून फुगवून सांगायची सवय आहे. पहिलीत असताना शाळेत वाघ आला म्हणून सांगितलं होतं, तो शिपायाचा कुत्रा निघाला.

गाडीचा रंग मात्र सुरेख पिकला आहे. घेतली तेव्हा पांढरी होती, अगदी झगझगीत. आता वयानं सायीसारखी झाली आहे, थोडी पिवळसर, जुन्या पुस्तकाच्या पानासारखी. पांढऱ्या रंगाला म्हातारपण किती शोभतं.

पण नाण्याची दुसरी बाजू. जावयानं एक युक्ती सांगितली होती : हात प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा आणि गाडीवरून फिरवायचा. फिरवला. बॉनेट, छत, सगळं खरखरीत, किसणीसारखं. म्हणजे लोखंड आहे. ते नारिंगी नाही, एवढंच. लेकीचं अर्धं खरं. उदार मनानं मान्य.

वेल्डरकडे जाऊन जाब विचारला. तो मास्क वर सरकवून म्हणाला, काका, कुणाच्या गाडीवर पडायचं ते ठिणगी मला विचारून ठरवत नाही. वर म्हणाला, काकूंना दहादा सांगितलं होतं की गाडी पलीकडच्या अंगाला लावा. काकू म्हणायच्या, तिकडे खांब आहे.

खांब आहे म्हणून काय झालं? हिला उगाच शंका.

६ फेब्रुवारी

काही काम झालं नाही. दुपारी आठवणी.

ही गाडीत बसली की तोंड मिटायची नाही. "अहो, लाल लागला." "अहो, सायकलवाला आहे डावीकडे." "अहो, पुढे म्हातारी आहे, काठीवाली." "आता सुटला हिरवा, निघा." जाताना आणि येताना, सगळा रस्ता हिच्या तोंडून ऐकायचा. अलीकडची तीन-चार वर्षं तर फारच. इतर नवरे चिडले असते. मी नाही. बायकांना गाडीत बसलं की बोलायला विषय लागतो आणि घरचे विषय कुठवर पुरणार? मी मान डोलावून गाडी चालवायचो. आमची जोडी म्हणजे एक चालीचा आणि एक शब्दांचा.

काय काय बघायची ती! मला कधी कधी हेवा वाटायचा.

७ फेब्रुवारी

आज निर्णायक काम. काट्यानं काटा काढावा, लोखंडानं लोखंड. वेल्डर फाटकाला रंग देण्याआधी जो तारेचा गोळा वापरतो, केसासारख्या बारीक लोखंडी तारांचा, तो मागून आणला. कशाला हवा असं त्यानं विचारलं, मी म्हटलं घरकाम.

बॉनेट घासलं. छत घासलं. दोन्ही दारं घासली. खांदा भरून आला, पण पिशवीत हात घालून फिरवला तर काय सांगू, लोणी. एक खरखर उरली नाही. लेकीला फोन करून सांगणार होतो, पण म्हटलं, प्रत्यक्ष बघू दे. पराक्रम गाजवणाऱ्यानं स्वतः बोलू नये.

संध्याकाळी पाणी मारलं. गाडी उघड्यावरच ठेवली, थंडीत दव पडतं, रंगाला ताजेपणा येतो.

९ फेब्रुवारी

दवाखान्यात जाऊन आलो. बसनं. स्टॉपवर शेजारच्याला विचारलं, कुठली आली हो? नंबर पुढे लिहिलेला असतो, पण विचारलं की चार शब्द होतात. माणसं हल्ली बोलत नाहीत.

हिनं डाव्या हातानं माझं बोट धरलं आणि सोडलंच नाही. गाडीचं सांगितलं. लोण्यासारखी केली आहे, वीस तारखेला मी स्वतः न्यायला येतो म्हटलं. हिनं मान हलवली. आडवी हलवली, पण आजारात दिशा नीट राहत नाही असं नर्स मागे म्हणाली होती. ती उजव्या हाताबद्दल म्हणाली होती, पण मानेलाही लागू असणार.

परत येताना त्या दिवसाची आठवण झाली. चहा गाळता गाळता हिच्या तोंडाचा कोपरा एका बाजूला ओढला गेला. गाळणं पडलं. ॲम्ब्युलन्सची वाट कोण बघतो, गाडी दारात होती. उचलून पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा बांधला, निघालो.

रस्ता त्या दिवशी कमालीचा शांत होता. कुणीच काही बोलत नव्हतं. दोन वळणं चुकली, कारण नगरपालिका पाट्या बदलते आणि कुणाला सांगत नाही. एकदा पूल ओलांडून पलीकडे गेलो आणि तसाच परत आलो. दवाखान्याच्या फाटकात मधोमध कुंडी ठेवली होती. फाटकात कुणी कुंडी ठेवतं का? फुटली. डॉक्टर म्हणाले, जरा आधी आला असतात तर. डॉक्टर हे सगळ्यांनाच म्हणतात. त्यांचं ते पालुपद.

तक्रार करायची नाही असा नियम आहे. इथेच थांबतो.

१० फेब्रुवारी

लेक आली आणि गाडीसमोर उभी राहून तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, आनंद. ती म्हणाली, बाबा, काय केलंत हे? सगळं बॉनेट नारिंगी झालंय. आधी ठिपके होते, आता पत्रा भाजल्यासारखा दिसतोय.

वेल्डरही रस्ता ओलांडून आला, त्याला आमंत्रण लागत नाही. म्हणाला, काका, माझा गोळा गाडीवर घासलात? अहो, त्याच्या तारा तुटतात, बारीक तुकडे रंगात बसतात, त्यांच्यावर दव पडलं की गंज. आधी माझं लोखंड होतं, आता माझं आणि तुमचं दोन्ही. आणि हसला. मग लेकीकडे पाहून हसायचा थांबला.

मी शांतपणे म्हटलं, मला तर असा काही फरक वाटत नाही. थोडी सावली आहे बॉनेटवर. लेकीनं वर पाहिलं. आभाळ मोकळं होतं आणि झाड जवळपास नव्हतं. मग हळूच, तिसऱ्यांदा, डोळ्यांच्या डॉक्टरांचा विषय काढला. मी म्हटलं, मोतीबिंदू हा म्हाताऱ्यांचा रोग.

ती गेल्यावर विचार केला. चूक कुठे झाली? गोळ्याच्या दर्जात. माणसानं साधनं उधार घेऊ नयेत.

११ फेब्रुवारी

गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदार तरुण, बोलण्यात तोल आहे. त्याला म्हटलं, गाडीच्या अंगातलं लोखंड काढायचं. त्यानं एक बाटली दिली, स्प्रेची. म्हणाला, आजोबा, हे पाण्यासारखं असतं, मारलं की जिथे लोखंड आहे तिथे जांभळं होतं. जांभळं झालं की धुवा. सावलीत मारा, पत्रा गार असू द्या, तीन-चार मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका, सुकू तर अजिबात देऊ नका. वास येतो कुजक्या अंड्याचा, घाबरू नका.

मी म्हटलं, लिहून द्याल का मोठ्या अक्षरात? तो म्हणाला, बाटलीवर आहे की सगळं. बाटलीवर आहे खरं, पण अक्षरं मुंग्यांसारखी. हेतुपुरस्सर बारीक छापतात, वाचून शहाणं कुणी होऊ नये म्हणून. असो. मुख्य वाक्य ध्यानात ठेवलं आहे : जांभळं झालं की धुवा. सुंदर सूत्र. कमी शब्दांत सगळं. पूर्वी व्याकरणाचे नियम असे असायचे.

दोन बाटल्या घेतल्या. उगाच कमी पडायला नको.

१३ फेब्रुवारी

तयारी. पाणी, बादली, सुती कपडा. वेळ कशी मोजायची हा प्रश्न. घड्याळाचे काटे हल्ली सगळे एकाच रंगाचे करतात. शेवटी सुचलं : वडाची कविता. आमचे गुरुजी छडी टेबलावर आपटत म्हणून घ्यायचे, शेवटचं कडवं संपलं की तास संपायचा. आता माझी गती जरा संथ आहे. तीन मिनिटांना किती कडवी होतील? सहा धरू. सहाव्यानंतर बघायचं. जांभळं झालं असेल तर धुवायचं.

हिच्या स्वागतासाठी दोन ओळी रचल्या. भुजंगप्रयात.

पुन्हा ये गडे तू, तुझी वाट पाहे
तुझ्यासाठि गाडी उभी दारि आहे

'साठी' आणि 'दारी' ऱ्हस्व करावे लागले. वृत्तासाठी एवढं चालतं. गाडीचा दरवाजा उघडून, हिला आधार देताना म्हणायच्या.

१५ फेब्रुवारी, सकाळी

मोहीम फत्ते. सविस्तर लिहितो.

गाडी घराच्या सावलीत घेतली. निदान मी घेतली तेव्हा ती सावली होती. बॉनेटपासून सुरुवात केली, मग छत, मग दारं. वास खरोखर कुजक्या अंड्याचा. एक बाटली पूर्ण संपवली. उभा राहून वडाची कविता सुरू केली.

सहावं कडवं पारंब्यांचं. तिथे गुरुजी नेहमी थांबायचे आणि खिडकीबाहेर पाहायचे. खिडकीबाहेर वड नव्हता, सायकलींची रांग होती, पण गुरुजी वडच बघायचे. मीही थांबलो. मग सातवं आपोआप आलं. आठव्यात पाखरं येतात. नवव्यात वर्गातल्या बाकाचा वास आला, तेल लावलेल्या लाकडाचा. मग मध्ये थांबणं शक्य नव्हतं. कविता अर्धी सोडणं म्हणजे पाहुण्याला जेवणावरून उठवणं. अठरावं कडवं संपेपर्यंत ऊन बॉनेटवर आलं होतं.

आता पाहणी. जांभळं? नाव नाही. पाचही बाजूंनी पाहिलं. काळपट मळ थोडा ओघळला होता, साहजिकच, धूळ असते. पण जांभळा थेंब नाही. दुसरी बाटलीही संपवली, खात्रीसाठी, आणि पुन्हा पहिल्यापासून कविता. तरीही नाही.

याचा अर्थ काय? सूत्र स्पष्ट आहे. लोखंड असेल तिथे जांभळं होतं. जांभळं नाही, म्हणजे लोखंड नाही. पहिल्याच फवाऱ्यात बिचारं निघून गेलं किंवा मुळात नव्हतंच. आणि जांभळं झालं की धुवायचं, झालं नाही तर धुवायचा प्रश्नच येत नाही. सूत्राबाहेर जाणारा मी कोण? बादली तशीच परत आत नेली.

१५ फेब्रुवारी, दुपारी

वेल्डर येऊन गेला. म्हणाला, काका, गाडीवर शाईची दौत सांडलीत का? छतापासून चाकापर्यंत ओघळ आलेत, लग्नाच्या मांडवासारखी दिसतेय गाडी. धुवा की आता.

मी त्याला सूत्र समजावून सांगितलं. तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला, गाडीकडे नाही. म्हणाला, काका, हे तुम्हाला कोणत्या रंगाचं दिसतंय? मी म्हटलं, मळाच्या. त्यानं स्वतःहून नळी आणतो म्हटलं. मी नको म्हटलं. ज्याच्यामुळे लोखंड आलं त्यानं शुद्धीकरण करू नये.

लेकीला फोन. विजयवार्ता. तिला म्हटलं, प्रयोगानं सिद्ध झालं आहे, गाडीत लोखंडाचा कण नाही, वीस तारीख पक्की. तिनं विचारलं, बाबा, जांभळं झालं होतं? मी म्हटलं, अजिबात नाही, तेच तर. फोनवर शांतता. नेटवर्क गेलं असावं. मग म्हणाली, मी येते.

१६ फेब्रुवारी

जे झालं ते झालं तसं लिहितो.

लेक आली, आधी गाडीभोवती फिरली. बोटानं काहीतरी खरवडलं. निघालं नाही. नळी लावून बराच वेळ पाणी मारलं, मी आरामखुर्चीवरून पाहत होतो. पाणी मारूनही ती समाधानी दिसेना. मग माझ्यासमोर जमिनीवरच बसली. लहानपणी गणित अडलं की अशी बसायची.

तिनं विचारलं, "बाबा, आपली गाडी कुठल्या रंगाची आहे?"

मी म्हटलं, सायीच्या.

"पांढरी आहे, बाबा. पहिल्या दिवशी होती तशीच पांढरी. आणि आता तिच्यावर जांभळे डाग आहेत, वाळलेले. ते आता जाणार नाहीत. रंगात गेलेत."

मी म्हटलं, कदाचित उन्हामुळे तुला तसं वाटत असेल. तिनं माझा हात धरला, मला गाडीजवळ नेलं आणि बोट बॉनेटवर टेकवून विचारलं, इथे काय आहे? मी म्हटलं, मळ. बोट सरकवलं, इथे? मी म्हटलं, इथे काही नाही. ती म्हणाली, इथे सगळ्यात जास्त आहे.

मग रडायला लागली. रडता रडता म्हणाली, ठिपक्यांचं मी निमित्त केलं होतं. सरळ सांगायचं धाडस नव्हतं. एक वाक्य मला बोलता आलं नाही आणि तुम्ही गाडीची साल काढलीत. मी विचारलं, कोणतं वाक्य?

ती म्हणाली, "गाडी तुम्ही चालवत नव्हतातच, बाबा. आई चालवत होती. तोंडानं."

आणि म्हणाली, हे आईला कधीचं माहीत होतं. आईनं शपथ घातली होती, बाबांना सांगू नकोस, त्यांचं मन मोडेल, मी आहे ना शेजारी. "आणि त्या दिवशी आईला बोलता येत नव्हतं, बाबा. त्या दिवशी..."

इथे ती थांबली. वाक्य पूर्ण केलं नाही. मीही विचारलं नाही. वेल्डरचं ग्राइंडर चालू झालं, त्यामुळे ऐकू आलं नसतंच.

जाताना खुंटीवरची किल्ली काढून पर्समध्ये टाकली. पर्स तिची, किल्ली माझी, बघू.

१७ फेब्रुवारी

शांत डोक्यानं विचार केला. 'आई तोंडानं गाडी चालवत होती' हा अतिशयोक्ती अलंकार. व्याकरणाच्या पुस्तकात उदाहरण म्हणून शोभेल. स्टिअरिंग माझ्या हातात, ब्रेक माझ्या पायाखाली. मग बोलणाऱ्याला चालक म्हणायचं का? मग क्रिकेट समालोचकाला फलंदाज म्हणा.

तरीही एक प्रयोग केला. खिडकीशी बसून रस्ता पाहत तो तोंडानं सांगायचा, हिच्यासारखा. सायकल. गाडी. माणूस. बाई, बहुधा. कुत्रा किंवा पिशवी. पुढचं काही जमलं नाही. मला मुळात असं बडबडायची सवय नाही.

दवाखान्यात गेलो नाही. पाय दुखत होते.

१८ फेब्रुवारी

गेलो. हिला काही सांगितलं नाही, पण लेकीनं सांगितलं असणार. ही माझ्याकडे बघत राहिली. नेहमीचं बघणं नव्हतं. पूर्वी ही रस्त्याकडे तसं बघायची.

वडाची कविता काढली. हिनं डावा हात माझ्या तोंडावर ठेवला. हळूच, पण ठेवला. कविता थांबली. मग आम्ही दोघं गप्प बसलो. भेटीची वेळ संपेपर्यंत.

१९ फेब्रुवारी

वेल्डरनं गाडीवर ताडपत्री टाकली आहे. त्याच्याकडे येणारी गिऱ्हाईकं गाडी बघून विचारतात म्हणे, वेल्डिंगमुळे असं होतं का? त्याचा धंदा बसतो. ताडपत्री काढायला लावणार होतो. मग म्हटलं, उद्यानंतर.

जावई फोनवर म्हणाला, गाडी विकताना नव्यानं रंगवावी लागेल. विकायची कुणी ठरवली? कुणी ठरवली असं कुणीच सांगत नाही.

निश्चय : उद्या स्वच्छ शर्ट. दाढी. तक्रार नाही.

२० फेब्रुवारी

हिला आणलं. टॅक्सीनं. मला टॅक्सीत जागा नव्हती. लेक, हिची आया, चाकाची खुर्ची, गाद्या, औषधांची पिशवी. लेक म्हणाली, बाबा, तुम्ही घरीच थांबा, कुणीतरी दारात हवं. पटलं. माणसाला परत आल्यावर दारात कुणीतरी दिसायला हवं.

सकाळपासून फाटकात उभा होतो. इस्त्रीचा शर्ट. दोन ओळी पाठ होत्या. एक पांढरी गाडी आली आणि थोडी पुढे जाऊन थांबली. मी हात उंच केला आणि पुढे गेलो. पुढचा दरवाजा उघडला, वाकून आत हात घातला आणि म्हटलं, आलीस? आधाराला खांदा धरला. आतली बाई म्हणाली, अहो काका, कोण हवंय तुम्हाला? आवाज अनोळखी. भीती वाटली असणार तिला. मी माफी मागितली. हल्ली सगळ्याच गाड्या पांढऱ्या असतात.

तेवढ्यात मागून वेल्डरची हाक आली. काका, इकडे, इकडे, काकू आल्या. मी वळलो. चालत यायला वेळ लागला, रस्त्याच्या कडेला त्याचे लोखंडी पाइप पडले होते, मी सावकाश येत होतो. फाटकाशी पोहोचलो तर खुर्ची आत गेली होती. आतून लेकीचा आवाज येत होता, आई, पाय उचल, उंबरा आहे.

वेल्डर म्हणाला, काका, खुर्ची आत नेताना काकूंनी मान वळवली होती. सगळी वळवली. तुमच्याकडे बघत होत्या, हसल्या पण.

हसली असेल. मला दिसलं नाही.